मुंगीला पाणी लागलं का?

ताई, नमस्कार. मी ६७ वर्षांची. घोडबंदर रोडला कासारवडवलीत मुलाकडे राहते, एकविसावा मजला. नात दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. पुढच्या महिन्यात शाळेत आजी-आजोबांचा दिवस आहे. प्रत्येक वर्गात दोघांनी दहा-दहा मिनिटं बोलायचं, विषय 'माझं प्रेरणास्थान'. नातीने माझं नाव देऊन टाकलं. सुनेने जिजाऊंवर दोन पानांचं भाषण लिहून दिलंय. चांगलं आहे, पण अर्धं इंग्रजी, मला पाठ होत नाही. मी चौथी शिकलेली. माहेर माण तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची होते, आधी पाझर तलावाची माती वाहिली, मग रस्त्याची खडी फोडली. लग्न होऊन ठाण्याला आले, वागळे इस्टेटला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला बावीस वर्षं होते. पट्ट्यांचा खोका हातात घेतला की एक पट्टी कमी असली तरी कळायचं. मग कंपनी बंद पडली. माझ्या आयुष्यात प्रेरणा वगैरे काही नव्हतं, कामच होतं. गोष्टी मात्र नातीला रोज सांगते. (त्या आक्कांकडनं ऐकलेल्या. आक्का म्हणजे तलावाच्या कामावर बायांची पोरं सांभाळणारी एक म्हातारी. तिची एका मुंगीची गोष्ट होती, दुष्काळात पाणी शोधायला निघालेली. रोज थोडी थोडी सांगायची. पाऊस आला, काम बंद झालं, आक्का तिच्या गावाला गेली, गोष्ट राहिलीच.) दुष्काळाचं पोरांपुढे काढू नको, घाबरतात, असं मुलगा म्हणतो. शाळेचा फॉर्म त्यानेच भरला, आजीचा व्यवसाय 'होममेकर' लिहिलाय. नातीने मैत्रिणीला सांगितलं, माझी आजी काही नव्हती, नुसती आजी आहे. तिचं काही चुकलं नाही. तर ताई, दहा मिनिटांचं सोपं भाषण लिहून द्याल का? जिजाऊंवरच द्या, म्हणजे सुनेला वाईट वाटायचं नाही.
— एक आजी, ठाणे

आजी, भाषण लिहून देणार नाही. रागावू नका, पुढे वाचा. (तुम्ही सही 'एक आजी' अशी केलीत म्हणून आजी म्हणतेय. वयाने आपण जवळजवळ बरोबरीच्याच, समोरासमोर असतो तर नावानेच हाक मारली असती.)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न कळला. दुसऱ्यांदा वाचताना कंसापाशी अडकले. पत्र लिहिताना माणूस कंसात काय टाकतो? जे सांगायचं तर आहे, पण समोरच्याला त्याचं काय, असं वाटतं, ते. जिजाऊंना तुम्ही कंसाबाहेर ठेवलंत आणि आक्कांना कंसात. मला विचाराल तर तुमची सगळी दहा मिनिटं त्या कंसात आहेत.

जिजाऊ थोर होत्या, त्यात वाद नाही. पण दुसरीतल्या पोरांना त्या पुस्तकात भेटणार आहेत, दरवर्षी भेटणार आहेत, वेशभूषा स्पर्धेत भेटणार आहेत. आक्का फक्त तुमच्याकडून भेटतील. आक्कांना पाहिलेलं दुसरं माणूस त्या शाळेत असणं शक्य नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर झालं, आक्का संपल्या.

आणि तुम्ही म्हणता, प्रेरणा वगैरे काही नव्हतं. हा शब्दच थोडा घोटाळ्याचा आहे. तो ऐकला की आपल्याला हार घातलेला फोटो दिसतो. मी तुम्हाला साधं विचारते. नातीला गोष्ट सांगताना तुम्ही मध्येच थांबता का? उद्या सांगते म्हणता का? म्हणत असणार. ते कुणाचं आहे? आक्कांचंच ना. मग झालं की प्रेरणास्थान. ते माणसाच्या हाताला आणि तोंडाला लागलेलं असतं, त्याला नाव द्यायचं राहून गेलेलं असतं, इतकंच.

आता आक्का काय करत होत्या ते जरा बघू, कारण मला वाटतं ते तुम्हालाही पुरतं ठाऊक नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. त्यात बाया किती, आणि त्यांच्या पाठीशी पोरं किती. झाडाला लुगड्याची झोळी, त्यात तान्हं, आणि जरा मोठी मातीच्या ढिगाऱ्यांत. त्यांना कुणीतरी एका जागी धरून ठेवायला हवं होतं, नाहीतर पोर घमेल्यांच्या नाहीतर पहारीच्या वाटेत यायचं. आक्का ते करत होत्या, आणि काठीने नाही, गोष्टीने. रोज अर्ध्यात सोडायच्या, म्हणजे पोरं दुसऱ्या दिवशी आपसूक झाडाखाली येऊन बसायची. पुढे रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्राच्या कायद्यात हे लिहून ठेवलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि मजुरी द्यायची. आक्कांना मजुरी मिळत होती का हो? आठवत असेल तर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुसरं एक. मी बालवाडीची बाई, कळव्याला नोकरी केली. आमच्या प्रशिक्षणात आम्हाला कोसबाडला नेलं होतं, डहाणूजवळ. तेव्हा तो ठाणे जिल्हाच, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तिथून त्या कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून रडत न बसता त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आणि जी वारली पोरं गुरं राखायला जातात म्हणून अंगणातही सापडत नाहीत, त्यांच्यासाठी शाळा गुरांच्या मागे कुरणात, ती कुरणशाळा. पोरं जिथे आहेत तिथे जाऊन बसायचं, बस. तुमच्या आक्कांनी ही नावं ऐकली असतील असं वाटत नाही. पण त्यांचं बाभळीखालचं बस्तान मला त्या कुरणशाळेचंच भावंड वाटतं. (बाभूळ मीच लावली, तुम्ही नुसतं काम म्हणालात. माणात दुसरं कसलं झाड असणार?)

तर आक्का आणि मुंगी, हे ठरलं. आता कसं सांगायचं.

माझ्या पहिल्या वर्षाची फजिती सांगते, म्हणजे एक चूक तुमची वाचेल. मी घरून गोष्ट पाठ करून गेले होते. घडाघडा सांगितली, शेवटी हात बांधून विचारलं, "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" पहिल्या रांगेतला एक उठला, म्हणाला, "बाई, शू लागली." त्याच्या मागे सगळा वर्ग उठला. गोष्ट पाठ केली की आपण वाक्याकडे बघतो, पोरांकडे नाही. म्हणून कागद नेऊ नका. सुनेने लिहिलेला नाही आणि मी लिहिलेलाही नाही.

बसायला खुर्ची मागा. मुलांसारखं खाली बसायला सांगतील, मान हलवून नाही म्हणा. आपले गुडघे त्यांच्या फोटोसाठी नाहीत.

सुरुवातीला मुलांना हुंकार शिकवा. शहरातल्या पोरांना तो माहीतच नाही. आमच्याकडे म्हणत, हूं म्हणणारा नसेल तर गोष्ट सांगू नये. त्यांना सांगा, मी थांबले की तुम्ही सगळ्यांनी "हूं" म्हणायचं, म्हणजे मला कळेल तुम्ही जागे आहात. एकदा दोनदा करून घ्या. तीस पोरं एकदम "हूं" म्हणतात तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला त्या दिवशी कळेल. त्यात एक सोय पण आहे. मराठी कच्ची असलेल्या मुलालाही "हूं" म्हणता येतं, त्यामुळे तो गोष्टीच्या बाहेर राहत नाही.

मराठीचं भय तुम्ही लिहिलं नाहीत, पण अर्ध्या इंग्रजीवरून अंदाज आला. गोष्ट पूर्ण मराठीत सांगा. भाषांतर करत बसू नका, त्याने गोष्टीचा दम जातो. भोपळ्यातली म्हातारी आठवा. दोन-तीन वर्षांच्या पोराला त्यातले किती शब्द येतात? पण "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" आलं की पोर जागेवर उडी मारतं. वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, म्हातारी त्यांना तेच उत्तर देते, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली की भाषा आपोआप समजते. तुमच्या मुंगीच्या गोष्टीत असं पुन्हा पुन्हा येणारं काहीतरी असणारच, आक्कांसारखी सांगणारी त्याशिवाय सांगणार नाही. मुंगी बाभळीला विचारते, दगडाला विचारते, घोरपडीला विचारते, आणि दरवेळी काय उत्तर येतं? ते आठवा. अगदी आठवलंच नाही तर स्वतःचं घाला. आक्काही घालतच असणार.

आणि हो, पोरांचे हात रिकामे ठेवू नका. चार खडे पिशवीत टाकून न्या. ते शोधायला माणला जायला नको. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडला गेली कित्येक वर्षं खडी आणि धूळ याशिवाय आहे काय! वर्गात एक खडा फिरवायला द्या आणि सांगा, मी चौदा वर्षांची असताना असे खडे हातोडीने फोडत होते, दिवसभर. एवढंच. पुढचं काही बोलू नका, त्यांना तो हातात धरू द्या. मग पाझर तलाव म्हणजे काय ते सांगा. ओढ्याला बांध घालून पाणी अडवायचं, ते पाणी तलावात दिसेनासं होतं, जमिनीत मुरतं, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना जाऊन लागतं. हे मुलांना फार आवडतं, पाणी चोरून जमिनीखालून चालत जातं हे. मुंगीसुद्धा तिकडेच चालली होती ना?

आता तुमच्या मुलाचं म्हणणं, दुष्काळ काढू नको, पोरं घाबरतात. थोडं बरोबर आहे, बरंचसं नाही. ज्या माणसाने भूक पाहिली ते माणूस समोर चांगलं खुर्चीत बसून, कानात कुड्या घालून गोष्ट सांगतंय, मग पोराला घाबरायचं कारण काय? शेवट त्याला समोर दिसतोच आहे. रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, हे सगळं सांगा. सुकडीची चव सांगा. छावणीत नेलेली गुरं, त्यातली परत न आलेली, हे एका वाक्यात सांगून पुढे जा. तिथे थांबलात तर तुमचाच आवाज बदलेल, आणि मुलं तुमच्याकडे बघायला लागतील, मुंगी सुटेल.

एक मात्र करू नका. "आम्ही हे खाल्लं आणि तुम्ही डब्यातली भाजी टाकता" असं एकदाही म्हणू नका. ते वाक्य जिभेवर येईल, मला माहीत आहे, माझ्याही येतं. पण ते आलं की आजी संपते आणि बाई सुरू होते. बाई त्यांना वर्गात रोजच आहे.

शेवटाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला पडला. तुमच्याकडे शेवट नाही. पन्नास वर्षं झाली, मुंगी वाटेतच आहे. पत्र वाचल्यापासून मी चपात्या लाटताना तिचाच विचार करतेय. तुम्ही शेवट बनवू नका. मुलांना खरं तेच सांगा, की पाऊस आला, आक्का निघून गेल्या, मला पुढचं कळलं नाही, तुम्हाला काय वाटतं? आणि गप्प बसा. शिक्षिका मध्ये पडतील, "बोला बोला" म्हणतील, त्यांना हाताने थांबवा. मुलांना सुचायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एक बोललं की मग आवरणार नाहीत. दहा मिनिटं तिथेच संपतील, भाषणाला वेळच उरायचा नाही.

सुनेबद्दल. तुम्हाला तिला दुखवायचं नाही हे मला फार बरं वाटलं. बघा, दिवसभर नोकरी, घोडबंदरचं ट्रॅफिक, घरी येऊन पोरीचा अभ्यास, आणि त्यातून तिने सासूसाठी दोन पानं लिहिली. तिला जिजाऊंचं काही पडलेलं नाही, तिला एवढंच हवंय की चार लोकांत तुमची फजिती होऊ नये. तेव्हा "मला तुझं भाषण नको" असं सरळ म्हणू नका. रविवारी दुपारी जेवणं झाली की तिला म्हणा, जरा बस, मी काय सांगणार ते ऐक, आणि मी थांबले की हूं म्हण. नातीला घ्या शेजारी. ती पानं तिच्यासमोर घडी करून कपाटात ठेवा. शिवजयंतीला नातीला उपयोगी पडतील, आणि खरंच पडतील.

मुलाला त्या वेळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. तुम्ही म्हणाल, माझं काय रेकॉर्ड करायचं. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. चुलीपाशी, शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून घेतलं म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर ते पुस्तक निघू शकलं. तुमची बहिणाबाईंशी तुलना करत नाहीये, तुम्हीही करू नका, संकोच होईल. मला एवढंच म्हणायचंय की त्यांच्या घरात टिपून घेणारं कुणी होतं. तुमचा मुलगा फॉर्म भरायला बसला तेव्हा त्याने पेन चालवलं, कान नाही.

तो फॉर्म. इथे मला राग आला, तुमच्या मुलावर थोडा आणि तुमच्यावर जास्त. बावीस वर्षं वागळे इस्टेटला कामाला जाणाऱ्या बाईच्या पुढे 'होममेकर' लिहिताना त्याला काही वाटलं नाही, कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, महामंडळ निघालं १९६२ मध्ये. सकाळच्या पाळीला ठाणे स्टेशनाकडून तिकडे जाणाऱ्या बायकांची रांग मी पाहिलेली आहे. त्यातल्या किती जणींच्या नातवंडांना ते माहीत आहे? नात "नुसती आजी" म्हणाली ते तुम्हाला लागलं. तुम्ही "तिचं काही चुकलं नाही" लिहिलंत, तेव्हा लागलंच असणार. तिचं चुकलं नाही हे खरं, पण ती गोष्ट बदलता येते, आणि रागावून नाही. तिच्या पेन्सिलींचे दोन सारखे डबे घ्या, एकातून एक पेन्सिल तिला गुपचूप काढायला सांगा, आणि डोळे मिटून हातावर तोलून सांगा कुठल्या डब्यात कमी आहे. चुकलात तर पुन्हा करा, हात विसरलेला नसतो. ती ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितल्याशिवाय राहणार नाही. हे मात्र घरीच, शाळेत नको. तिथे आक्काच.

आणि मुलाला फॉर्म परत आणायला सांगा, अजून महिना आहे. तो रकाना तुमच्या हाताने भरा. चौथीपर्यंतचं अक्षर असलं तरी तुमचं पत्र मला एकही शब्द न अडता वाचता आलं.

पोरांनी मुंगीला कुठे नेलं ते मला लिहा. एकूण एक शेवट लिहा, वेडेवाकडे असतील तेही. त्यातला एखादा तरी पाण्यापर्यंत जातोच.